कोरोनानंतर वाढलेलं एसजीपीटी आणि बिघडलेलं पोट

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोरोना झाला, पहिले तीन-चार दिवस जुलाब आणि मळमळ होती, रक्ततपासणीत एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी विकरं, म्हणजे एन्झाइम) नॉर्मलच्या दुपटीच्या आसपास निघालं. आता ताप-खोकला जाऊन महिना होत आला, तरी भूक धड लागत नाही, जेवलं की पोट फुगतं, शौचाला दोन-तीनदा जावं लागतं. विषाणूने लिव्हर कायमचं खराब केलं का, तो अजून आतड्यात दडून बसलाय का, आणि लिव्हरसाठी एखादं औषध सुरू करावं का?

आधी उत्तर सांगते, मग कारणं. दुपटीने वाढलेल्या या आकड्यांवरून लिव्हरला कायमची इजा झाली असं म्हणता येत नाही. असे आकडे बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप खाली येतात. पोटाची तक्रार मात्र खरी आहे आणि तिला अजून थोडा वेळ लागू शकतो. कारण आतड्याला हा विषाणू स्वतः जाऊन भिडतो. लिव्हरला बहुतेक वेळा बाकीच्या शरीरात पेटलेल्या आगीची झळ लागते. दोन अवयवांमधला हा फरक समजला की कोणत्या रिपोर्टला घाबरायचं आणि कोणत्या नाही, हे बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

आतड्यापासून सुरुवात करू. विषाणूला पेशीत शिरायला पेशीच्या पृष्ठभागावरचं एसीई-२ नावाचं प्रथिन लागतं. विषाणूचं स्पाइक प्रथिन त्याला चिकटतं, मग टीएमपीआरएसएस-२ हे विकर स्पाइकला ठरावीक जागी कापतं आणि विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळून जातं. कोरोना म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फुप्फुस येतं, पण एसीई-२ फुप्फुसापेक्षा लहान आतड्यात कितीतरी जास्त असतं. अन्नरस शोषणाऱ्या पेशींच्या वरच्या काठावर, जिथे सूक्ष्म केसांसारखी दाट झालर असते, तिथे ते भरपूर असतं. त्याचं तिथलं रोजचं काम वेगळंच आहे. अमिनो आम्लं पेशीत ओढून घेणाऱ्या एका वाहक प्रथिनाला ते जागेवर टिकवून ठेवतं, आणि ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल याच वाटेने शोषलं जातं. उंदरांमधून एसीई-२ काढून टाकल्यावर ट्रिप्टोफॅनचं शोषण घटलं, आतड्यातल्या जंतूंना आवर घालणारी प्रथिनं कमी झाली आणि आतडं सहज सुजू लागलं, असं साथीच्या बऱ्याच आधी, २०१२ मध्येच दिसून आलं होतं. तेव्हा त्याचं महत्त्व फार थोड्यांना वाटलं असेल. विषाणू ज्या दारातून शिरतो, ते दार आतड्याची घडी नीट ठेवण्याचंही काम करतं, ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. जुलाब का होतात, आणि ते थांबल्यावरही पोट का रुळावर येत नाही, या दोन्हींची एक बाजू इथे आहे.

विषाणू आतड्याच्या पेशीत नुसता शिरत नाही, तिथे वाढतोही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या ऊतींमध्ये त्याची वाढ झालेली दाखवता आली, आणि रुग्णांच्या जठर, लहान आतडं आणि गुदाशयातून घेतलेल्या तुकड्यांत त्याची प्रथिनं सापडली. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये नोंदवलेल्या पहिल्या रुग्णाला मळमळ-उलट्या होत होत्या, पुढे जुलाब लागले, आणि त्याच्या मलात विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, मिळाला. त्या वर्षी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सुमारे १७ ते १८ टक्के रुग्णांना पोटाची काही ना काही तक्रार होती. सर्वांत जास्त आढळली ती भूक मरणं, त्याखालोखाल जुलाब, मळमळ-उलट्या आणि पोटदुखी. जुलाब बहुधा पातळ, पाण्यासारखे, दिवसातून चार-पाच वेळा आणि काही दिवसांपुरते. त्यात रक्त नसतं. रक्त पडत असेल, तर ते कोरोनाच्या खात्यात टाकून गप्प बसू नका. दुसरं कारण शोधावंच लागतं.

आता विषाणू आतड्यात दडून बसण्याबद्दल. संसर्गात जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या मलात आरएनए सापडतो, आणि नाकाचा स्वॅब निगेटिव्ह झाल्यावरही तो कित्येक आठवडे सापडत राहू शकतो. म्हणूनच तर सांडपाणी तपासून एखाद्या शहरात साथ वाढतेय की उतरतेय, हे रुग्णालयं भरायच्या आधी कळू शकलं. पण आरएनए म्हणजे जिवंत विषाणू नव्हे. मलातून जिवंत विषाणू मोजक्या रुग्णांतच वाढवता आला, कारण आतड्यातल्या पाचकरसांत तो फार टिकत नाही. २००३ मध्ये हाँगकाँगच्या एमॉय गार्डन्स या वसाहतीत त्या वेळच्या सार्सने (कोरोनाच्याच कुळातल्या विषाणूच्या साथीने) ३०० हून जास्त रहिवासी आजारी पडले, त्यात सांडपाण्याच्या नळांचा हात होता. त्या अनुभवामुळे या वेळीही धास्ती होती. प्रत्यक्षात ही साथ पसरली ती श्वासावाटे; मलावाटे पसरणं हे तिचं मुख्य साधन ठरलं नाही. शौचानंतर साबणाने हात धुणं आणि झाकण लावून फ्लश करणं एवढं पुरेसं आहे.

आजारानंतर साधारण चार महिन्यांनी १४ जणांच्या आतड्याचे तुकडे तपासले, तेव्हा त्यांतल्या निम्म्यांत विषाणूचे अवशेष होते. हे वाचून अनेक जण घाबरतात. पण अवशेष सापडले म्हणजे चालू संसर्ग आहे असं होत नाही, आणि केवळ पोट बिघडलंय म्हणून महिन्याने विषाणूविरोधी औषध घेण्याला आधार नाही.

मग महिनाभराने पोट का फुगतं? कारणं एकाहून जास्त आहेत आणि ती एकमेकांत मिसळलेली असतात. कोणताही जोरदार आतड्याचा संसर्ग होऊन गेला की काही जणांना आयबीएससारखा (तपासण्यांत काही न सापडताही पोट बिघडत राहण्याचा) त्रास मागे उरतो. आतड्याच्या नसा जास्त संवेदनशील होतात, एरवी कळणारही नाही एवढा वायू दुखू लागतो. दुसरं, ती केसाळ झालर पूर्ववत होईपर्यंत दुधातली साखर पचवणारं विकर कमी पडतं, म्हणून दूध प्यायलं की गुडगुड होते. तिसरं, आतड्यातल्या जंतूंची वस्ती बदलते. फीकॅलिबॅक्टेरियम आणि बिफिडोबॅक्टेरियमसारखे सूज आटोक्यात ठेवणारे जंतू कोरोनाच्या रुग्णांत घटलेले दिसले. आणि चौथं कारण आपण स्वतः ओढवून घेतलेलं असतं: गरज नसताना घेतलेली अँटिबायोटिक्स. विषाणूवर त्यांचा काडीचा उपयोग नसतो, आतड्यातल्या वस्तीची मात्र त्यांनी दाणादाण उडते. अँटिबायोटिक घेतल्यानंतर जुलाब वाढले, ताप आला, पोटात पिळवटून दुखू लागलं, तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या अँटिबायोटिकनंतर माजणाऱ्या जंतूची मलतपासणी करून घ्यावी. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल मी सरसकट लिहून देत नाही. सगळ्यांना त्यांचा फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे त्यांच्यात त्या जपूनच वापराव्या लागतात.

आता लिव्हर. इथे एसीई-२ प्रामुख्याने पित्तनलिकांच्या आतल्या पेशींवर असतं. लिव्हरच्या मुख्य पेशींवर ते अगदीच थोडं. त्यामुळे हिपॅटायटिस बी किंवा ई जसा थेट लिव्हरवर तुटून पडतो, तसं सहसा इथे होत नाही. आकडे मात्र वाढतात.

कोरोनाने दाखल झालेल्या रुग्णाचा एक नेहमीचा रिपोर्ट घेऊ: एसजीओटी ८८, एसजीपीटी ५६, अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्तनलिकांना इजा झाली की वाढणारं विकर) नॉर्मल, बिलिरुबिन ०.७, अल्ब्युमिन ३.१, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) १.०. नातेवाईक पहिल्या दोन आकड्यांकडे पाहतात, मी शेवटच्या चारांकडे आधी पाहते. एसजीओटी आणि एसजीपीटी ही पेशीच्या आत राहणारी विकरं आहेत. ती रक्तात वाढली म्हणजे पेशींना इजा झाली एवढंच कळतं. लिव्हर काम करतंय की नाही, हे बिलिरुबिन आणि आयएनआर सांगतात, आणि या रिपोर्टमध्ये ती दोन्ही चोख आहेत. अल्ब्युमिन कमी आहे, पण अंगभर सूज पेटली की लिव्हर अल्ब्युमिन बनवणं मागे ठेवून सीआरपी, फेरिटिनसारखी प्रथिनं बनवायला घेतं आणि अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांतून बाहेरही झिरपतं. म्हणजे ते लिव्हर निकामी झाल्याचं लक्षण नव्हे, आजार किती जोरात आहे याचं आहे. एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा जास्त असणं ही कोरोनातली नेहमीची ठेवण. एसजीओटी स्नायूंतूनही येतं, म्हणून अंग फार ठणकत असेल तर सीपीके हे स्नायूंचं विकर तपासावं. पण बहुतेक रुग्णांत ते लिव्हरमधूनच आलेलं असतं.

पेशींना इजा होते कशाने? आयएल-६ सारख्या सूज वाढवणाऱ्या रसायनांच्या पुराने. ऑक्सिजन कमी पडल्याने. लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्यांत होणाऱ्या सूक्ष्म गुठळ्यांनी. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरच्या दाबामुळे आणि हृदयावरच्या ताणामुळे रक्त लिव्हरमध्ये तुंबतं, त्यानेही. मृत्यूनंतर तपासलेल्या लिव्हरांत चरबीचे थेंब, हलकी सूज आणि त्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या दिसल्या; लिव्हरचा मोठा भाग मरून गेलाय असं चित्र सहसा नव्हतं. जसा आजार गंभीर, तसे आकडे जास्त. घरीच बरे झालेल्यांत ते बहुधा दुपटीच्या आत-बाहेर राहतात.

आणि औषधं. आकडे वाढण्याचं उत्तर बऱ्याचदा औषधांच्या पाकिटांत सापडतं, म्हणून मी रुग्णाला सगळी पाकिटं घेऊन यायला सांगते. पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून चारदा, त्यावर सर्दीची गोळी, त्यावर अंगदुखीची. या तिन्हींत पॅरासिटामॉल असतं आणि कोणीच बेरीज केलेली नसते. धडधाकट प्रौढासाठी सगळं मिळून दिवसाला ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, सिरॉसिस (लिव्हर व्रणांनी भरून कडक होणं) असेल तर २ ग्रॅम. रेमडेसिविर या कोरोनाच्या औषधाने एसजीपीटी वाढू शकतं. ते नॉर्मलच्या १० पटींवर गेलं तर औषध थांबवण्याचा विचार करतात, आणि सोबत लिव्हरला सूज आल्याची लक्षणं असतील तर थांबवतातच. टॉसिलिझुमॅब (आयएल-६ अडवणारं इंजेक्शन), अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट (अँटिबायोटिक) यांनीही वाढतं. ‘प्रतिकारशक्तीसाठी’ म्हणून महिनोन्महिने घेतलेली वनौषधींची चूर्णं आणि काढे हे यादीतून हमखास सुटतं, कारण रुग्णाच्या मते ते औषधच नसतं. ते विचारल्याशिवाय कळत नाही.

आकडे पाच पटींच्या वर गेले, किंवा डोळे पिवळे झाले, तर मात्र कोरोनाकडे बोट दाखवून थांबणं धोक्याचं आहे. हिपॅटायटिस ए, ई, बी, सी, पित्ताचे खडे, लिव्हरच्या रक्तवाहिनीतली गुठळी, औषधाची बाधा, हे सगळं तपासावं लागतं. दोन आजार एकाच वेळी होऊ शकतात. हिपॅटायटिस बी तर प्रत्येक अशा रुग्णात तपासावा ज्याला स्टिरॉइड किंवा टॉसिलिझुमॅब दिलं जाणार आहे. वर्षानुवर्षं शांत असलेला हा विषाणू प्रतिकारशक्ती दाबली की उसळी घेतो, आणि ते लक्षात येतं औषध संपल्यावर काही आठवड्यांनी, जेव्हा कोरोना सगळे विसरलेले असतात. आतड्यातला स्ट्राँगिलॉइड्स नावाचा जंतही स्टिरॉइडच्या आडून असाच अंगभर पसरू शकतो. जिथे हा जंत आढळतो तिथे आयव्हरमेक्टिन या औषधाचा खरा उपयोग या जंतासाठी आहे.

माझी खरी काळजी वेगळ्या रुग्णांची असते: ज्यांना आधीपासून सिरॉसिस आहे. आंतरराष्ट्रीय नोंदवह्यांतून २०२१ मध्ये आलेली आकडेवारी अशी: कोरोना झालेल्या सिरॉसिसच्या रुग्णांत ३२ टक्के दगावले, लिव्हरचा जुना आजार असूनही सिरॉसिस नसलेल्यांत ८ टक्के. सिरॉसिसचा टप्पा जसा पुढचा तसं हे प्रमाण १९, ३५ आणि ५१ टक्के असं चढत गेलं. ती आकडेवारी साथीच्या पहिल्या टप्प्यातली, लस येण्याआधीची आहे, पण उतरंड महत्त्वाची. अशा रुग्णाला खोकला असेलच असं नाही. घरचे सांगतात, ‘दोन दिवस झोपूनच आहेत, विचारलं की भलतंच उत्तर देतात, पोट जास्त फुगलंय.’ ताप नसतो, श्वास ठीक असतो, आणि स्वॅब पॉझिटिव्ह येतो. म्हणून सिरॉसिसच्या रुग्णात गुंगी किंवा जलोदर (पोटात साठलेलं पाणी) अचानक वाढला तर कोरोनाची तपासणी करावी, आणि त्याला अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या देऊ नयेत, मूत्रपिंडं बसतात. लस या लोकांनी जरूर घ्यावी. लसीनंतर लिव्हरला सूज आल्याच्या क्वचित नोंदी आहेत, पण सिरॉसिसमध्ये कोरोना होण्याचा धोका त्याहून फार मोठा आहे.

लिव्हर प्रत्यारोपण झालेल्यांबद्दल सुरुवातीला वाटली तेवढी भीती खरी ठरली नाही. वय आणि इतर आजार हिशेबात धरले तर केवळ प्रत्यारोपणामुळे मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही. त्यांनी औषधं स्वतःहून थांबवू नयेत. एक सापळा मात्र ध्यानात ठेवावा: निरमॅट्रेलविर या कोरोनाच्या गोळीसोबत येणारं रिटोनाविर हे टॅक्रोलिमस या प्रत्यारोपणानंतर घ्यायच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण झपाट्याने धोक्याच्या पातळीवर नेतं. ते लिहून देणाऱ्या डॉक्टरला प्रत्यारोपणाबद्दल आधी सांगाच. सिरॉसिस फार पुढे गेलेला असेल तर हे औषध देतच नाहीत. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्याच्या जुनाट सुजेच्या आजारांच्या रुग्णांचंही असंच: प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अँटी-टीएनएफ इंजेक्शनांमुळे आजार बळावल्याचं दिसलं नाही, स्टिरॉइडवर असणाऱ्यांचं मात्र जास्त बिघडलं.

लिव्हरला खरोखर टिकून राहणारी इजा होते ती एका छोट्या गटात. आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर राहून वाचलेल्या काही रुग्णांत पुढे अल्कलाइन फॉस्फेटेज चढतच जातं, अंगाला खाज सुटते, कावीळ होते. एमआरसीपी या एमआरआय तपासणीत पित्तनलिका कुठे आक्रसलेल्या, कुठे फुगलेल्या दिसतात. पित्तनलिकांना रक्तपुरवठा एकाच बाजूने, बारीक धमन्यांतून होतो. तो दीर्घकाळ अपुरा पडला की त्या भरून येत नाहीत. झोपवून ठेवण्यासाठी दिलेल्या केटामाइनचाही यात वाटा असावा असा संशय आहे. यातल्या काहींना शेवटी प्रत्यारोपण लागलं. अतिदक्षता विभागातून घरी आलेल्या माणसाची तपासणी म्हणूनच फक्त फुप्फुसापुरती ठेवू नये.

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी. संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी ताप, पोटात तीव्र दुखणं, उलट्या, जुलाब, लाल डोळे, पुरळ असं झालं तर तो एमआयएस-सी, म्हणजे संसर्गानंतर मुलांच्या अनेक अवयवांना सूज येणारा आजार, असू शकतो. अपेंडिक्स समजून काही मुलं शस्त्रक्रियेपर्यंत पोचली आहेत. यात हृदयावर परिणाम होतो, म्हणून तातडीने दाखल करावं लागतं. दुसरं, २०२२ मध्ये जगभर लहान मुलांत कारण न कळणारा तीव्र हिपॅटायटिस आढळला, जुलैपर्यंत ३५ देशांत १०१० संभाव्य रुग्ण नोंदले गेले. तेव्हा बोट कोरोनाकडे दाखवलं गेलं, लसीकडेही. बरीचशी मुलं लसीच्या वयाची नव्हतीच. पुढच्या तपासात धागा एएव्ही-२ नावाच्या, अॅडिनोव्हायरसच्या सोबतीने वाढणाऱ्या विषाणूकडे गेला.

आता तुमच्यासाठी. एसजीओटी, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, जीजीटी, बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन आजारापासून सहा आठवड्यांनी पुन्हा करा. दर चार दिवसांनी नको. तोवर दारू पूर्ण बंद, न लागणाऱ्या गोळ्या बंद. लिव्हर टॉनिक किंवा सिलिमरिन घेऊन आकडे लवकर उतरतात याला आधार नाही, म्हणून मी ते देणार नाही. सहा आठवड्यांनी आकडे नॉर्मल आले तर विषय संपला. तसेच राहिले, तर सोनोग्राफी, हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या आणि साखर बघावी. अशा वेळी बहुतेकदा निघतं ते फॅटी लिव्हर, जे कोरोनाच्या आधीपासूनच होतं आणि कोणी तपासलं नव्हतं. त्यावर उपाय वजन ७ ते १० टक्क्यांनी उतरवणं हा आहे.

पोटासाठी दोन-तीन आठवडे दूध कमी करून पाहा, थोडं थोडं आणि वेळेवर खा. जुलाब वाढले तर ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात घोळून घ्या, कमी पाण्यात दाट करून नको. पोट अचानक असह्य दुखू लागलं आणि हात लावून पाहिलं तर मऊच लागलं, तर थेट रुग्णालय गाठा, कारण आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली तर हातात काही तासच असतात. मलात रक्त, काळी शी, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घटतं वजन, पिवळे डोळे किंवा गोंधळल्यासारखं बोलणं, यांतलं काहीही दिसलं तर सहा आठवडे थांबू नका. यातलं काही नसेल आणि तीन महिन्यांनीही पोट असंच राहिलं, तर सीलिॲकची (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराची) रक्ततपासणी, थायरॉइड आणि मलातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) करून या. ते नॉर्मल असेल तर कोलोनोस्कोपीची गरज बहुधा पडत नाही आणि आयबीएसचे उपचार सुरू करता येतात.